कॉर्डलेस हँड व्हॅक्यूम: सेल गेला आहे की सेलवरचा जोड?

मंदार_ठाणे

सोफा, गाडीच्या सीटा आणि पंख्यांची पाती साफ करण्यासाठी आम्ही हातात धरून वापरायचा एक कॉर्डलेस व्हॅक्यूम क्लीनर घेतला होता. त्याची वॉरंटी केव्हाच संपली आहे. पावसाळ्यापासून त्याचे असे झाले आहे की चार्जरला लावल्यावर तो व्यवस्थित चार्ज होतो, हिरवा दिवाही लागतो, पण खटका दाबला की मोटर जेमतेम दोन सेकंद फिरते आणि लाल दिवा लुकलुकून सगळे बंद पडते. मुठीजवळ तळहाताने थापटले, तर कधीकधी तो बराच वेळ तक्रार न करता चालतो.

अधिकृत सेवा केंद्रात विचारले असता या मॉडेलची बॅटरी सुटी मिळत नाही, नवीन यंत्र घ्या, असे सांगण्यात आले. म्हणून मुठीवरच्या रबरी पट्टीखाली दडवलेले स्क्रू शोधून यंत्र उघडले. आत निळ्या प्लास्टिकच्या आवरणात १८६५० मापाचे (१८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी) चार लिथियम-आयन सेल एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडलेले आहेत आणि कडेला एक छोटी सर्किटची पट्टी आहे. आवरण जपून कापल्यावर दिसले की तिसऱ्या आणि चौथ्या सेलला जोडणारी पत्र्याची पट्टी तिसऱ्या सेलच्या धन टोकावर काळवंडली आहे. तिथले वेल्डिंगचे ठिपके बाकीच्या ठिपक्यांसारखे चकचकीत दिसत नाहीत. मल्टिमीटरने नुसते मोजले तर चारही सेलांचे मिळून १६.४ व्होल्ट येतात, म्हणजे बॅटरी जवळपास भरलेली आहे.

सेलच गेला आहे की फक्त जोड सैल झाला आहे, हे नक्की कसे ओळखावे? आणि जोडच सैल असेल, तर माझ्याकडच्या २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने ती पट्टी पुन्हा चिकटवावी का?

भोचक

केरसुणीला चार्जर लागत नाही, एवढे नम्रपणे नोंदवून मागच्या बाकावर बसतो.

लोहचुंबक

मंदारराव, निम्मे निदान तुम्ही सांगितलेल्या लक्षणांतच आहे. थापटल्यावर सेलची क्षमता वाढत नाही. थापटल्यावर फक्त जोड हलतो. तरीही अंदाजावर न थांबता मोजून पाहावे, कारण काळवंडलेली पट्टी आणि दुबळा सेल या दोन्ही गोष्टी एकाच बॅटरीत एकत्र नांदू शकतात.

तुमचे यंत्र साधारण १०० वॅटचे आहे असे धरू. १४.४ व्होल्टला अशी मोटर सुमारे ७ अँपिअर प्रवाह घेते, आणि थांबलेली मोटर सुरू होण्याच्या क्षणी तर त्याच्या कितीतरी पट अधिक. वेल्डिंग सुटत आलेल्या जोडाचा रोध ०.२ ओहम झाला असेल, तर ७ अँपिअरला तिथल्या तिथे १.४ व्होल्ट गळतात आणि त्या टिकलीएवढ्या जागेत जवळजवळ १० वॅट उष्णता निर्माण होते. पट्टी काळी पडते ती याच उष्णतेने. चार्जिंगच्या वेळी मात्र प्रवाह अर्ध्या अँपिअरच्या आसपास असतो, त्यामुळे त्याच जोडावर जेमतेम ०.१ व्होल्टचा फरक पडतो आणि चार्जरला काहीच खटकत नाही. थेंबथेंब गळणाऱ्या नळाखालीही रात्रभरात बादली भरतेच; जोराची धार हवी असते तेव्हाच नळ तुंबल्याचे कळते.

आता यंत्र दोन सेकंदांत का बंद पडते ते पाहू. ती छोटी सर्किटची पट्टी म्हणजे बीएमएस (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम), सेलांवर लक्ष ठेवून गरज पडल्यास पुरवठा तोडणारी. प्रत्येक सेलचा व्होल्टेज पाहण्यासाठी तिच्या बारीक तारा सेलांमधल्या पट्ट्यांवर जोडलेल्या असतात, प्रत्यक्ष सेलवर नसतात. तिसऱ्या सेलच्या धन टोकाचा जोड सैल असेल, तर मोटर ओढू लागताच त्या जोडावर गळणारा व्होल्टेज बीएमएसच्या हिशेबात तिसऱ्या सेलच्या खाती मांडला जातो. मग सेल ठणठणीत असूनही तो रिकामा झाला असे समजून बीएमएस पुरवठा तोडते.

मोजणी नुसत्या बॅटरीवर करू नका, भार देऊन, म्हणजे प्रवाह ओढणारे काहीतरी जोडून करा. मोटर लगेच बंद पडत असेल, तर गाडीच्या इंडिकेटरचे १२ व्होल्ट २१ वॅटचे दोन बल्ब सिरीजमध्ये जोडून ते बॅटरीच्या बाहेर येणाऱ्या मुख्य तारांना लावा. साधारण १.४ अँपिअर प्रवाह वाहील, तो बीएमएसला सहज चालतो. बल्ब पेटलेले असताना मीटर मिलिव्होल्टवर ठेवून एक टोक थेट सेलच्या टोपीवर आणि दुसरे टोक पट्टीवर टेकवा. दोन्ही टोके पट्टीवरच टेकवलीत, तर वेल्डिंग मोजणीतून निसटेल, आणि दोष नेमका तिथेच असतो. चांगल्या जोडावर दोन-तीन मिलिव्होल्ट दिसतील. वाईट जोडावर शेकड्यांत आकडा दिसेल.

जुगाडू

एवढा खटाटोप कशासाठी? बीएमएसच खोटे बोलत असेल, तर ते काढून टाकावे आणि बॅटरीच्या दोन तारा थेट मोटरला जोडाव्यात. मोटरला काय कळते?

लोहचुंबक

मोटरला काही कळत नाही, हीच अडचण आहे. बीएमएस काढल्यावर एखादा सेल किती खाली गेला हे पाहणारे कोणीच उरत नाही, शॉर्ट झाल्यास तोडणारे कोणी नसते आणि चार्जिंगच्या वेळी एक सेल ४.२ व्होल्टच्या वर गेला तर थांबवणारेही नसते. शिवाय तो सैल जोड तिथेच राहतो आणि पुढच्या वेळी त्याची उष्णता कोणी रोखत नाही. कृपया असा सल्ला कोणी अमलात आणू नये.

इचलकरंजीकर

माझे मोटर रिवाइंडिंगचे आणि घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीचे दुकान आहे, तेव्हा या विषयावर दोन शब्द लिहिण्याचा अधिकार आहे असे समजतो.

सेलवर सोल्डरिंग करूच नये असे इथे कोणी ना कोणी लिहिणारच. दुकानात आम्ही ते करतो आणि केलेली यंत्रे चालतात, हेही खरे आहे. मात्र २५ वॅटच्या आयर्नने ते करू नये. कमी वॅटचे आयर्न सुरक्षित असते हा गैरसमज आहे. सेलचे धातूचे डबडे उष्णता शोषून घेते, लहान आयर्नचे टोक त्यावर थंड पडते, मग माणूस पाच-दहा सेकंद दाबून धरतो आणि ती सगळी उष्णता आत जाते. एवढे करून वर जो गोळा बसतो तो बहुधा ड्राय सोल्डर, म्हणजे वरवर बसलेला कच्चा जोड असतो आणि पहिल्याच आपटीला सुटतो. त्यापेक्षा ६० ते ८० वॅटचे, जाड टोकाचे आयर्न घ्यावे, सेलचे टोक बारीक पॉलिश पेपरने घासून त्यावर फ्लक्स (सोल्डर नीट धरावे म्हणून लावायचा लेप) लावावा, आधी टोकावर आणि पट्टीवर वेगवेगळा शिशाचा थर द्यावा आणि मग दोन्ही एकमेकांवर ठेवून दोन सेकंदांत आयर्न उचलावे. कथील-शिसे यांची ६३/३७ मिश्रणाची तार १८३ अंशांना वितळते. शिसेविरहित तार २१७ अंशांच्या पुढे वितळते, म्हणून या कामाला ती घेऊ नये.

सुलभाताई

इचलकरंजीकर, तुमच्या हाताला सवय आहे आणि तुमचे दोन सेकंद खरोखर दोनच सेकंद असतात, यावर माझा विश्वास आहे. पण हा धागा वाचून पहिल्यांदाच आयर्न हातात घेणाऱ्या माणसाचे दोन सेकंद किती लांबतात, हे मी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पुष्कळ पाहिले आहे.

रसायनशास्त्राच्या बाजूने थोडे सांगते. सेलच्या आत दोन इलेक्ट्रोडांच्या मध्ये पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचा अत्यंत पातळ सच्छिद्र पडदा असतो. पॉलिथिलीन सुमारे १३० अंशांना वितळू लागते. धन टोकाच्या टोपीभोवती सील म्हणून प्लास्टिकची कडी असते आणि त्या टोपीखालीच दाब वाढल्यास सुटणारी झडप असते. तुम्ही १८३ अंशांना वितळणारा धातू याच टोपीवर ओतता. त्या वेळी काही होत नाही. सील किंचित सैल पडते, इलेक्ट्रोलाइटची, म्हणजे आतल्या द्रावणाची वाफ हळूहळू बाहेर जाते आणि सहा-आठ महिन्यांनी सेल निकामी झाला की दोष सेलच्या कंपनीला दिला जातो.

मंदार, काम सुरू करण्यापूर्वी हातातली अंगठी, कडे, घड्याळ सगळे काढून ठेवा. सेलचे संपूर्ण डबडे ऋण असते आणि धन टोपीपासून त्याची कड जेमतेम दोन-तीन मिलिमीटरवर असते. मध्ये फक्त पातळ आवरण आणि कागदी कडी असते. तेवढ्या जागेत स्क्रूड्रायव्हरचे टोक घसरले तरी शॉर्ट होतो. मुख्य तारा कापायच्या झाल्यास एका वेळी एकच कापा आणि तिचे टोक टेपने झाका. एखादा सेल पोचा पडलेला दिसला, त्याला गोडसर रसायनी वास येत असला किंवा तो दोन व्होल्टच्या खाली बराच काळ पडून राहिलेला असला, तर जोड कितीही चांगला केला तरी तो वापरू नका. अति-डिस्चार्ज झालेल्या सेलमध्ये आतल्या पत्र्याचे तांबे विरघळते आणि पुन्हा चार्ज करताना ते नको तिथे जमून आतल्या आत शॉर्ट होऊ शकते.

इचलकरंजीकर

सुलभाताई, मान्य. एक गोष्ट मात्र स्पष्ट करतो. सेलवर वेल्ड केलेल्या जुन्या पट्टीचा तुकडा घट्ट बसलेला असेल, तर त्या तुकड्याच्या सेलपासून दूर असलेल्या टोकाला नवी पट्टी सोल्डर करण्यात काहीच वावगे नाही. मंदाररावांच्या बाबतीत वेल्डिंगच सुटले आहे असे दिसते, त्यामुळे हा मार्ग त्यांना बंद आहे. त्यांनी स्पॉट वेल्डिंग (विजेच्या क्षणिक झटक्याने पट्टी ठिपक्यांपुरती जोडणे) करून घ्यावे, हेच माझेही मत आहे.

भोचक

दोन तज्ज्ञांचे एकमत झाले! या धाग्याची आता ऐतिहासिक दस्तऐवज म्हणून नोंद व्हायला हवी.

पेठकर

स्पॉट वेल्डिंगसाठी नवे यंत्र विकत घेण्याची गरज नाही. बाजारात कपॅसिटरवर चालणारे हातातले छोटे वेल्डर मिळतात, पण त्यातले बरेचसे ०.१ मिलिमीटरच्या पट्टीपुढे दम टाकतात आणि ज्याला एकच पट्टी लावायची आहे त्याने ते घेणे म्हणजे निव्वळ हौस आहे. हल्ली प्रत्येक शहरात ई-स्कूटरच्या आणि ई-रिक्षाच्या बॅटऱ्या जुळवणारे व दुरुस्त करणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडे पायाने खटका दाबायचे वेल्डर असतात आणि तुम्ही पट्टी, सेल दाखवलेत तर ते चहा पिता पिता ठिपके मारून देतात. पुण्यात तपकीर गल्लीत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर चौकशी केल्यास पत्ता मिळतो. दुपारी एक ते चारच्या दरम्यान पुण्यात चौकशी केल्यास काय मिळते, हे सांगायला नको.

पट्टी मात्र स्वतः पारखून घ्यावी. शुद्ध निकेलची म्हणून विकली जाणारी पट्टी पुष्कळदा निकेलचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी असते. लोहचुंबकाने फरक कळत नाही, कारण निकेलही चुंबकाला चिकटते. (सदस्य लोहचुंबक यांनी हे मनाला लावून घेऊ नये.) पट्टीचा तुकडा कानशीवर किंवा पॉलिश पेपरवर चांगला घासावा आणि मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवावा. सकाळी तांबूस गंज दिसला तर ती पोलादी आहे. निकेलचा विद्युतरोध तांब्याच्या साधारण चौपट असतो आणि पोलादाचा निकेलपेक्षाही जास्त, तेव्हा मोटरच्या प्रवाहाला पोलादी पट्टी अकारण तापते. ०.१५ मिलिमीटर जाडीची, ८ मिलिमीटर रुंदीची शुद्ध निकेलची पट्टी या कामाला पुरेशी आहे.

वेंगुर्लेकर

आमच्याकडे समुद्र हाकेच्या अंतरावर आहे आणि कोणताही उघडा धातू दोन पावसाळे निभावून नेत नाही. माझे यंत्र मंदाररावांच्या यंत्राहून जुने आहे, त्यात निकेल-मेटल हायड्राइडचे सेल आहेत आणि बॅटरीचा खोका सरकवून काढता येतो. सेल ठीक आहेत, पण खोका आणि मूठ यांच्यामधल्या स्प्रिंगसारख्या पितळी पात्यांवर पांढरी भुकटी आणि हिरवट थर जमतो. पातीवर बोट दाबून धरले की यंत्र चालते. मी व्हिनेगर लावून पुसतो, त्यावर फेस येतो, काही आठवडे बरे चालते आणि पुन्हा तेच. यावर कायमचा उपाय आहे का?

सुलभाताई

वेंगुर्लेकर, तुमच्या पात्यांवर दोन वेगवेगळी प्रकरणे आहेत. हिरवट थर हा खाऱ्या हवेचा, पितळातल्या तांब्यावर चढलेला. पांढरी भुकटी मात्र बहुधा सेलमधून आलेली आहे. निकेल-मेटल हायड्राइड आणि जुन्या निकेल-कॅडमियम सेलांत पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण असते. ते सीलमधून झिरपले की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून कार्बोनेट होते. व्हिनेगर टाकल्यावर फेस येतो तो त्यामुळेच. म्हणजे व्हिनेगरची निवड बरोबर आहे, पण पुसून तसेच सोडून दिले तर उरलेले आम्ल स्वतःच पितळ खाऊ लागते. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून ते पूर्ण वाळू द्यायला हवे. आणि भुकटी पुनःपुन्हा येत असेल, तर एखादा सेल गळतो आहे, तो शोधा. हा व्हिनेगरचा प्रयोग लिथियमच्या बॅटरीवर कोणी करू नये, कारण तिथे निष्प्रभ करायला असा अल्कली नसतोच.

लोहचुंबक

सुलभाताईंच्या उत्तराला पुरवणी. पाती साफ करताना जाड सँडपेपर वापरू नका. वरचा निकेलचा किंवा कथिलाचा मुलामा निघून गेला, की आतले पितळ तुमच्या हवेत आठवड्यात काळे पडते. पेन्सिलचे खोडरबर किंवा काचतंतूंचा ब्रश पुरतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पात्यांचा ताण. वर्षानुवर्षे दाबून राहिल्याने आणि मोटरच्या थरथरीने ती आत बसलेली असतात, मग संपर्क अर्धवट होतो, ठिणगी पडते, जागा तापते आणि ताण आणखी कमी होतो. बारीक चिमट्याने प्रत्येक पाते मिलिमीटरभर बाहेर उचला. बहुतेक वेळा अर्धी दुरुस्ती तिथेच होते.

हिशेबी

एक मूलभूत शंका. जुन्या यंत्रावर एवढा वेळ घालवण्यापेक्षा नवे घेतलेले काय वाईट? सगळे सेल तितकेच जुने आहेत. आज तिसरा जोड गेला, उद्या पहिला जाईल.

पेठकर

वेळ घालवण्यावर आमच्या शहरात आक्षेप घेतला जात नाही. विनोद बाजूला ठेवून सांगायचे, तर जोड सुटला म्हणजे सेलांचे आयुष्य संपले असे होत नाही. चारही सेलांचे व्होल्टेज एकसारखे असतील, तर या बॅटरीत अजून दम आहे.

नवे सेल घ्यायचीच वेळ आली, तर चारही एकाच वेळी, एकाच मेकचे घ्यावेत. तीन जुन्यांत एक नवा घातला की बॅटरी सर्वांत दुबळ्या सेलच्या तालावर नाचते. आणि ऑनलाइन मिळणाऱ्या ९९०० मिलिअँपिअर-अवरच्या १८६५० सेलांपासून दूर राहावे. या मापाच्या खऱ्या सेलची क्षमता ३६०० च्या आसपास संपते. व्हॅक्यूमसाठी तर २००० ते २५०० क्षमतेचे, पण १५-२० अँपिअर प्रवाह सहज देणारे सेल लागतात. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतून काढलेले सेल त्यासाठी कुचकामी आहेत. खऱ्या सेलचे वजन ४५ ग्रॅमच्या आगेमागे असते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ३० ग्रॅम भरला, तर आत काय आहे याची कल्पनाच केलेली बरी.

स्टुटगार्टकर

हिशेबी यांच्या प्रश्नावर युरोपने घेतलेली भूमिका सांगतो. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमावलीनुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांतली बॅटरी, काही अपवाद वगळता, वापरणाऱ्याला स्वतः सहज काढता आणि बदलता आली पाहिजे. तापवल्याशिवाय किंवा द्रावक लावल्याशिवाय, अथवा यंत्रासोबत फुकट न दिलेल्या खास अवजाराशिवाय न निघणारी बॅटरी मग चालणार नाही. आमच्या भागात दर महिन्याला दुरुस्ती कॅफे भरतो. ही कल्पना २००९ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये सुरू झाली. तिथे व्हॅक्यूम घेऊन येणाऱ्यांची कमतरता नसते, आणि त्यात जोड सैल झालेल्यांचे प्रमाण सेल मेलेल्यांहून कमी नसते, असा माझा अनुभव आहे. भारतात याबाबत काही आहे का?

हिशेबी

ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले आहे आणि कंपन्यांनी सुटे भाग व दुरुस्तीची माहिती तिथे द्यावी, अशी अपेक्षा आहे. त्याच वर्षीच्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. मंदाररावांनी सेवा केंद्रात, सुटी बॅटरी देत नसाल तर ही जुनी परत घ्या, असे म्हणून पाहावे. माझा मूळ आक्षेप मात्र कायम आहे. आधी आकडे दिसू द्यात.

मंदार_ठाणे

सर्वांचे आभार. उशीर झाला, कारण इंडिकेटरचे बल्ब मिळाले तरी त्यांचे होल्डर मिळेनात. शेवटी तारा सरळ बल्बच्या बुडाला सोल्डर केल्या. २५ वॅटचे आयर्न तेवढ्यापुरते उपयोगी पडले.

भार नसताना चारही सेल ४.०९ ते ४.११ व्होल्टच्या दरम्यान आहेत. बल्ब लावल्यावरही थेट सेलांवर मोजले असता चौघेही ४.०५ च्या आसपास राहतात, एकही कोसळत नाही. जोडांवर लोहचुंबक यांनी सांगितल्याप्रमाणे टोपीपासून पट्टीपर्यंत मोजले. पाच ठिकाणी २ ते ३ मिलिव्होल्ट आले. तिसऱ्या सेलच्या धन टोकावर २४० ते ३१० मिलिव्होल्ट, आणि आकडा स्थिर राहत नाही. बांबूच्या काडीने पट्टी दाबली की तो ४० पर्यंत उतरतो, काडी उचलली की पुन्हा चढतो. बीएमएसची पिवळी तार त्याच पट्टीच्या मधोमध आहे, म्हणजे वर सांगितलेला हिशेब तंतोतंत जुळतो.

लोहचुंबक

१.४ अँपिअरला २८० मिलिव्होल्ट, म्हणजे रोध बरोबर ०.२ ओहम. सेल निर्दोष आहेत, तेव्हा हिशेबी यांची शंका तूर्त निकालात निघाली आहे.

आता वेल्डिंगला जाण्यापूर्वीची तयारी. बीएमएसची पिवळी तार जुन्या पट्टीवरून काढा आणि नव्या पट्टीवर घरीच सोल्डर करा, पट्टी सेलवर बसवण्याच्या आधी. त्यामुळे सेलला अजिबात उष्णता लागत नाही. तार मधोमध लावा. टोकाला लावली तर वेल्डरच्या पिना ठेवायला जागा उरत नाही. तिसऱ्या सेलच्या धन टोपीभोवती चिकट कागदी कडी मिळते ती नवी बसवा, कारण जुनी तापून ठिसूळ झालेली असणार आणि पट्टी नेमकी त्या कडेवरून जाते. जुनी पट्टी वर ओढून उपटू नका. चिमट्याने तिचे टोक धरून गुंडाळत न्या, म्हणजे ठिपके एकेक करून सुटतात आणि टोपीचा पत्रा फाटत नाही.

इचलकरंजीकर

वेल्डिंग झाल्यावर कारागिराला ओढून दाखवायला सांगा. चांगल्या ठिपक्याची पट्टी ओढल्यावर पट्टीच फाटते आणि ठिपका सेलवर चिकटून राहतो. आधी टाकाऊ सेलवर एक नमुना करून घ्यावा. प्रत्येक टोकाला निदान चार ठिपके हवेत.

मंदार_ठाणे

ई-स्कूटरच्या बॅटऱ्या जुळवणाऱ्या एका दुकानात काम करून घेतले. नमुन्याचा तुकडा ओढल्यावर खरोखर पट्टीच फाटली. नव्या जोडावर आता बल्बांच्या भाराला २ मिलिव्होल्ट येतात.

परंतु यंत्र सुरूच होत नाही. पूर्वी निदान दोन सेकंद चालायचे. आता खटका दाबल्यावर दिवासुद्धा लागत नाही. सेलांच्या टोकांना १६.२ व्होल्ट आहेत आणि बीएमएसच्या बाहेर शून्य.

जुगाडू

मी काय म्हणत होतो?

लोहचुंबक

काळजी करू नका. पट्टी काढलीत तेव्हा बीएमएसच्या दृष्टीने एक सेल नाहीसा झाला आणि त्याने स्वतःला कुलूप लावून घेतले. बऱ्याच बीएमएसना पुन्हा जागे होण्यासाठी चार्जरचा व्होल्टेज लागतो. क्षणभर चार्जर जोडा. काही महागड्या यंत्रांतले बीएमएस अशा वेळी कायमचे बंद होते आणि ते कशानेही उघडत नाही, पण तुमच्या वर्णनावरून ते त्या जातीचे वाटत नाही.

मंदार_ठाणे

चार्जरची पिन लावताच लाल दिवा लागला आणि बाहेर १६.२ व्होल्ट आले. खटका दाबल्यावर मोटर पूर्ण वेगाने चालली, आणि गाडीच्या सीटा साफ होईपर्यंत बंद पडली नाही. मुद्दाम मुठीवर थापटूनही पाहिले. बंद केल्यावर लगेच पट्टीला बोट लावले, ती शेजारच्या पट्ट्यांइतकीच कोमट होती.

आता एकच प्रश्न उरला आहे. जोड मुळात सुटला का? निळे आवरण कापल्यामुळे सेल आता किंचित हलतात. हॉट ग्लू लावावा का?

इचलकरंजीकर

पडणे-आपटणे आणि थरथर, बाकी काही नाही. सेल आवरणात सैल असले की प्रत्येक थरथरीला ते एकमेकांविरुद्ध हलतात आणि तो ताण पट्टीला सोसावा लागतो. हॉट ग्लू मोटरच्या उबेने मऊ पडतो आणि पकड सोडतो. सिलिकोन लावा, पण हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे व्हिनेगरच्या वासाचे सिलिकोन घेऊ नका. त्यातून सुकताना ॲसेटिक आम्ल सुटते आणि ते तांब्याला व सोल्डरला खाते. ट्यूबवर न्यूट्रल असे लिहिलेले घ्या. सेलांच्या मधल्या खाचांत एकेक रेघ पुरे. धन टोकाच्या झडपेवर आणि बीएमएसवर ते जाऊ देऊ नका. वरून पीव्हीसीची नवी हीट-श्रिंक (तापवल्यावर आकसणारी) नळी चढवा, ८० मिलिमीटर रुंदीची घेतली तर चार सेलांची जुडी तिच्यात बसते. ती आकसवताना हॉट एअर गन एका जागी धरू नका.

वेंगुर्लेकर

याच सिलिकोनचा पातळ थर माझ्या पितळी पात्यांच्या मुळाशी दिला तर चालेल का? खोक्याला टेकतो तो भाग मी अर्थातच मोकळा ठेवेन.

लोहचुंबक

मुळाशी, जिथे तार सोल्डर केली आहे तिथे, अवश्य द्या. टेकणाऱ्या भागाला मात्र कॉन्टॅक्टसाठी मिळणारे ग्रीस अगदी पुसट लावा. खारी हवा त्यापलीकडे जात नाही. आणि गळणारा सेल आधी काढा, नाहीतर ग्रीसखालीही भुकटी येत राहील.